पुढच्या सीटवरून मागच्या बाकाकडे : मोठ्या कौटुंबिक गाड्यांतील सीटबेल्टचा इतिहास

भारतातील मोटारींच्या पुढच्या सीटवर सीटबेल्ट १९९४ मध्ये आला आणि मागच्या सीटवर २००२ मध्ये. आठ-दहा माणसे बसणाऱ्या मोठ्या गाड्यांच्या शेवटच्या बाकावर मात्र तो त्यानंतरही बराच काळ पोहोचला नाही. अशा गाडीत पुढे बहुधा घरातला कर्ता पुरुष बसतो. मागे बायका, मुले आणि म्हातारी माणसे. कायदा, गाडी बनवणाऱ्या कंपन्या आणि लोकांची सवय या तिघांनीही आधी पुढच्या सीटचा विचार केला आणि त्याची किंमत मागच्यांना मोजावी लागली. कोल्हापूर जिल्ह्यातील रस्त्यांवर गेल्या तीन-चार दशकांत धावलेल्या गाड्यांकडे पाहिले, की हे क्रमाक्रमाने उलगडत जाते.

जीप, ट्रॅक्स आणि वडाप

कोल्हापूरच्या पूर्वेचा शिरोळ-हातकणंगल्याचा ऊसपट्टा सपाट आहे. पश्चिमेचे शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी हे तालुके डोंगराळ आहेत आणि कोकणात जायचे तर आंबा, करूळ किंवा फोंडा घाट उतरावा लागतो. एस.टी. ठरल्या वेळी, ठरल्या रस्त्याने जाणार. बाजाराचा दिवस, जोतिबाची चैत्र यात्रा, नृसिंहवाडीची पौर्णिमा, वाडीवस्तीवरचे लग्न अशा वेळी लोकांना आधार होता तो जीपचा.

महिंद्र कंपनीने १९४७ पासून भारतात विलीज जीपची जोडणी सुरू केली होती. तिच्याच लांब केलेल्या वंशातली कमांडर आणि पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची ट्रॅक्स या गाड्या दक्षिण महाराष्ट्रात ‘वडाप’ म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाड्या म्हणून धावू लागल्या. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. सुमंत मुळगावकर यांच्या नावावरून नाव मिळालेल्या या गाडीने जीपचा दणकटपणा आणि घरच्या मोटारीची ऐट एकत्र आणली. पुढे २००० मध्ये बोलेरो आणि क्वालिस, २००२ मध्ये स्कॉर्पिओ, २००५ मध्ये इनोव्हा आणि २०१२ मध्ये अर्टिगा आली. ऊस आणि दूध यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या घरांच्या अंगणात यांतली एखादी गाडी दिसू लागली आणि तिच्यातून सगळे घर एकदम देवदर्शनाला निघू लागले.

जुन्या मोठ्या गाड्यांची आतली मांडणी साधारण सारखीच असे. पुढे चालक आणि एक-दोन माणसे, मध्ये तिघांचे बाक, आणि मागे दोन्ही कडांना समोरासमोर लावलेली दोन आडवी बाके. मागच्यांचे गुडघे एकमेकांना लागत आणि पाठ गाडीच्या पत्र्याला. वडापमध्ये याच जागेत दुप्पट माणसे बसत. गर्दीच्या वेळी चालकाच्या उजव्या हातालाही एक प्रवासी अर्धा बाहेर बसवला जाई आणि चालक स्वतः तिरका बसून गिअर टाकत असे. अशा गाडीत पट्टा बांधायचा तर कोणी आणि कुठे, हा प्रश्न मनात येण्याचेच कारण नव्हते.

पट्टा नेमके काय करतो

आज सर्वत्र दिसणारा, खांद्यावरून तिरका येऊन कमरेवर आडवा जाणारा तीन बिंदूंचा पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन यांनी तयार केला. १९५९ मध्ये तो विक्रीच्या गाडीत बसला. कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांना वापरायला मोकळे ठेवले, त्यामुळे तो जगभर पसरला. अमेरिकेत नव्या मोटारींत पट्टा १९६८ पासून सक्तीचा झाला, तर पट्टा बांधण्याची सक्ती करणारा पहिला कायदा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये केला.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर ६० किलो वजनाच्या माणसाला थोपवायला सुमारे ८५० किलोंचा जोर लागतो. मांडीवर धरलेले १२ किलोंचे मूल त्या क्षणी सुमारे १७० किलोंच्या ओढीने पुढे जाते. आईने ते कितीही घट्ट धरलेले असो, एवढी ओढ दोन हातांना पेलत नाही. पट्टा हा जोर छातीचा पिंजरा आणि कमरेचे हाड या शरीराच्या मजबूत भागांवर वाटून देतो. मागचा माणूस मोकळा असेल तर तो पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो आणि पट्टा बांधून बसलेल्या पुढच्या माणसालाही चिरडतो. म्हणून मागच्या पट्ट्यात पुढच्यांचीही सुरक्षा आहे.

फक्त कमरेवरून जाणारा दोन बिंदूंचा पट्टा हे काम अर्धवट करतो. धडकेत वरचे शरीर कमरेत मोडल्यासारखे पुढे वाकते, डोके समोर आपटते आणि पट्टा पोटात रुतून आतड्यांना व कण्याला इजा होऊ शकते. मोठ्या गाड्यांच्या मधल्या बाकावर मधोमध बसणाऱ्याला बराच काळ असाच पट्टा मिळत राहिला, आणि त्या जागी बहुतेक वेळा घरातले सर्वांत लहान माणूस बसते.

आडव्या बाकाची अडचण याहून मोठी. पट्टा समोरून येणाऱ्या धक्क्यासाठी घडवलेला असतो. बाजूकडे तोंड करून बसलेल्याला तोच धक्का कुशीतून बसतो. मान आणि बरगड्या कडेला झुकतात आणि बाकावरची माणसे घसरत एकमेकांवर जाऊन पुढच्या सीटच्या पाठीशी गोळा होतात. नुसता पट्टा जोडून हा दोष जात नाही. त्यासाठी बाकच समोर तोंड करून बसवावे लागते.

नियम पुढून मागे सरकतो

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्यासोबत केंद्रीय मोटार वाहन नियम आले. या नियमांत १९९३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने नव्या गाड्यांत चालक आणि त्याच्या शेजारचा प्रवासी यांच्यासाठी पट्टा बसवणे कंपन्यांवर बंधनकारक केले. त्यासाठी एक वर्षाची मुदत होती, म्हणजे अंमल १९९४ पासून. सुमो बाजारात आली तेही हेच वर्ष. दहा माणसांना घेऊन जाणाऱ्या गाडीत कायद्याच्या नजरेला दिसली ती फक्त पुढची सीट.

मागच्या सीटचा पट्टा २००२ पासून सक्तीचा झाला. मात्र नियमाच्या शब्दांत दोन मर्यादा होत्या. पहिली, तो चालकाखेरीज जास्तीत जास्त आठ आसने असलेल्या गाड्यांना लागू होता. चालकासह दहा आसनांची गाडी त्या व्याख्येत बसत नव्हती. दुसरी, पट्टा समोर तोंड असलेल्या मागच्या सीटसाठी सांगितला होता. पट्टा बांधण्याची सक्ती करणाऱ्या १३८ व्या नियमातही हेच शब्द आले. परिणामी व्याख्येत बसणाऱ्या गाड्यांतही पुढची सीट आणि मधले बाक नियमाखाली आले, पण आडवी बाके बाहेर राहिली. पट्टा आणि तो गाडीच्या सांगाड्याला जिथे पकडला जातो ती जागा यांच्यासाठी एआयएस ००५ आणि एआयएस ०१५ ही मानके होती. ज्या जागी पट्टाच नको तिथे मानकांचाही उपयोग नव्हता.

याच काळात सुवर्ण चतुष्कोन योजनेतून पुणे-बेंगळुरू महामार्ग चौपदरी झाला. कागलपासून साताऱ्यापर्यंत गाड्या पूर्वी कधी नव्हे त्या वेगाने धावू लागल्या. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर आघाताची ऊर्जा चौपट होते. रस्ता बदलला, इंजिने बदलली, पण मागच्या बाकावरची माणसे जुन्याच पद्धतीने बसून राहिली.

पट्टा असूनही न चालणारा

गाडीत पट्टा आहे एवढ्याने काम भागत नाही. त्याचे चार भाग असतात : विणलेली पट्टी, ती गुंडाळून ठेवणारी आणि झटक्यासरशी अडकवणारी चरखी, बकल, आणि सांगाड्यावरची पकड. यांतला एकही भाग कच्चा निघाला तर बाकीचे तीन निरुपयोगी ठरतात.

जगात अशा दोषांची मोठी उदाहरणे आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेत ताकाता या जपानी कंपनीने बनवलेल्या बकलांतील लाल बटणाचे प्लास्टिक ठिसूळ होऊन त्याचे तुकडे आत अडकतात, असे आढळले आणि ८० लाखांहून अधिक गाड्यांना दुरुस्तीसाठी बोलावणे गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये टोयोटाने जगभरातील सुमारे २९ लाख आरएव्ही-४ आणि व्हॅन्गार्ड गाड्या परत बोलावल्या. जबर धडकेत मागच्या सीटच्या धातूच्या चौकटीने पट्टाच कापला जाण्याचा धोका त्यांत होता.

भारतात दोष असलेली गाडी परत बोलावण्याची पद्धत उशिरा आली. उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने पाळायची संहिता केली. कायद्याचा आधार मिळाला तो २०१९ च्या दुरुस्तीतील कलम ११०-अ मुळे, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सरकार आता कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते आणि दंड एक कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मात्र ही तरतूद सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहे. खेडोपाडी धावणाऱ्या जुन्या सुमो आणि ट्रॅक्स तिच्या कक्षेत येत नाहीत.

नव्या व्यवस्थेचा उपयोग लवकरच दिसला. डिसेंबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने सियाझ, ब्रेझा, अर्टिगा, एक्सएल-६ आणि ग्रँड विटारा या मॉडेलांच्या ९,१२५ गाड्या परत बोलावल्या. २ ते २८ नोव्हेंबर २०२२ या काळात तयार झालेल्या या गाड्यांत पुढच्या पट्ट्याची खांद्याजवळची उंची कमी-जास्त करणाऱ्या जोडणीत दोष असल्याची शंका होती. क्वचित प्रसंगी पट्टा सुटून येऊ शकला असता. जानेवारी २०२३ मध्ये मागच्या पट्ट्याच्या पकडीसाठी ११,१७७ ग्रँड विटारा परत बोलावण्यात आल्या. अर्टिगा आणि एक्सएल-६ या तीन रांगांच्या घरगुती गाड्या आहेत. महिन्याभरात बनलेल्या गाड्या नेमक्या शोधून काढता आल्या, कारण प्रत्येक सुटा भाग कोणत्या दिवशी कोणत्या गाडीत बसला याची नोंद कंपनीकडे होती.

कंपनीच्या नोंदीत न सापडणारे दोष यांहून अधिक आहेत आणि ते गाडी घरी आल्यावर तयार होतात. नवी गाडी घेतली की पहिले काम सीट कव्हरचे. कुशनवाला बाकावर रेक्झिन ताणून शिवतो तेव्हा मागची बकले फटीतून खाली जातात आणि वरून शिलाई पडते. पुढे वर्षानुवर्षे पट्टा खांबापाशी लोंबत राहतो, पण तो अडकवायला बकल वर येत नाही. मागच्या रांगेतल्या पट्ट्यांवर सामान रचले जाते, चरखीत धूळ आणि उसाच्या रस्त्यांची माती बसते, पट्टीच्या कडा उसवतात. एका मोठ्या अपघातात ताण सोसलेला पट्टा बदलायचा असतो, कारण त्याचे धागे एकदा ताणले गेलेले असतात आणि पट्टा झटक्यात घट्ट ओढणारी यंत्रणा एकदाच चालते. पत्रा ठोकून आणि रंग देऊन गाडी रस्त्यावर आणताना हा खर्च बऱ्याचदा टाळला जातो.

तीन अपघात, तीन प्रश्न

३ जून २०१४ रोजी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे दिल्लीत अपघाती निधन झाले. ते मोटारीत मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडीचे बाहेरून फार नुकसान झालेले दिसत नव्हते, तरी आतल्या जखमा प्राणघातक ठरल्या. मागची सीट आपोआप सुरक्षित असते, हा समज महाराष्ट्रात पहिल्यांदा जाहीरपणे हलला तो या घटनेने.

२६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून कोल्हापूरकडे येणारी मिनीबस शिवाजी पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. पुण्याच्या बालेवाडी भागातील नातेवाइकांच्या या गटातील १३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती. या अपघातात पुलाचा जुना कठडा आणि रखडलेला पर्यायी पूल यांची चर्चा झाली आणि ती रास्तच होती. नदीत पडलेल्या गाडीत पट्ट्याने काय झाले असते, हे ठरवता येणार नाही. पण त्या घटनेने दुसरी एक गोष्ट समोर ठेवली : सहलीला, देवदर्शनाला निघालेले मोठे कुटुंब अनेकदा मिनीबस भाड्याने घेते, आणि मागच्या पट्ट्याचा २००२ चा नियम आठ आसनांच्या मर्यादेमुळे अशा गाडीपर्यंत पोहोचत नाही.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी महागडी आणि सुरक्षेच्या साधनांनी सज्ज होती. पुढचे दोघे पट्टा लावून होते आणि वाचले. मागच्या सीटवरील दोघांनी पट्टा लावलेला नव्हता आणि दोघेही दगावले. एकाच गाडीत, एकाच क्षणी पडलेला हा फरक देशभर चर्चिला गेला. त्यानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतील सर्व प्रवाशांना पट्टा सक्तीचा असल्याचे जाहीर केले. नियम वीस वर्षे जुना होता. अंमलबजावणीची घोषणा नवी होती.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारीही हेच सांगते. २०२१ मध्ये पट्टा न लावल्याने १६,३९७ जण मरण पावले. त्यांत ८,४३८ चालक आणि ७,९५९ प्रवासी होते. २०२२ मध्ये हा आकडा १६,७१५ झाला आणि प्रवाशांची संख्या ८,३३१ वर जाऊन चालकांच्या जवळपास बरोबरीला आली.

धडकचाचण्या आणि इशारे

गाडी घेताना मायलेज, मजबुती आणि ‘रोडप्राइस’ यांची चौकशी होई. ग्लोबल एनकॅप संस्थेने २०१४ पासून भारतीय गाड्यांच्या धडकचाचण्यांचे निकाल जाहीर करायला सुरुवात केली, तेव्हा त्यात सुरक्षेची भर पडली. मोठ्या गाड्यांच्या निकालांनी लोकांना धक्का बसला. २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला एकही तारा मिळाला नाही; २०१७ मध्ये शेव्हरोले एन्जॉयचेही तेच झाले. उंच आणि जड गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हा समज त्यामुळे मोडला. २०१८ मध्ये नाशिकला बनणाऱ्या माराझोने चार तारे मिळवले, २०१९ मध्ये अर्टिगाने तीन. डिसेंबर २०२२ मध्ये चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनला पाच तारे मिळाले. सहा वर्षांत शून्यावरून पाचावर जाता येते, हे यातून सिद्ध झाले. त्याच वेळी, मागे आडवी बाके असलेल्या बोलेरो निओला एप्रिल २०२४ मध्ये एकच तारा मिळाला. भारताचा स्वतःचा भारत एनकॅप कार्यक्रम ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाला, पण त्यात गाडी पाठवणे ऐच्छिक आहे.

आठवण करून देणाऱ्या घंटीची गोष्टही पुढून मागेच गेली. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटसाठी ती सक्तीची झाली. मागच्या सीटसाठी १ एप्रिल २०२५ पासून ती असावी, असे केंद्राने जाहीर केले. समोर तोंड असलेल्या सर्व सीटना, मधल्या जागेलाही, तीन बिंदूंचा पट्टा असावा ही भूमिका नितीन गडकरी यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये मांडली. घंटी आली तशी तिला गप्प बसवणारी खोटी क्लिपही बाजारात आली. ही क्लिप बकलात खुपसली की गाडीला पट्टा लागला असे वाटते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि अशा क्लिपांच्या १३,११८ जाहिराती काढून टाकाव्या लागल्या.

आजची स्थिती

२०१९ च्या दुरुस्तीने पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंडाची तरतूद केली. १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित न बसवल्यासही तेवढाच दंड आहे, आणि क्षमतेपेक्षा जास्त घेतलेल्या प्रत्येक प्रवाशामागे २०० रुपये. तिन्ही कलमे एकमेकांशी बांधलेली आहेत. सात पट्ट्यांच्या गाडीत अकरा माणसे बसली, तर चौघांसाठी पट्टा नसतोच. आणि पट्टा नसलेले ते चौघे बहुधा मुले असतात.

नव्या गाड्यांपुरता कायदा आता शेवटच्या रांगेपर्यंत येऊ लागला आहे. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचा प्रश्न मात्र तपासणीनेच सुटू शकतो, आणि ती तपासणी अवघड नाही. प्रत्येक पट्टा पूर्ण बाहेर ओढून कडा उसवल्या आहेत का ते पाहावे. मग झटका द्यावा. चरखी जागच्या जागी अडकली पाहिजे. बकल खट्‌कन लागले आणि बटण दाबताच सुटले पाहिजे. सोडल्यावर पट्टा आपोआप गुंडाळला गेला पाहिजे. मागची सगळी बकले सीट कव्हरच्या वर असली पाहिजेत. जुन्या गाडीचे पासिंग करताना आणि यात्रेच्या हंगामाआधी प्रत्येक रांगेत एवढे पाहिले गेले, तर पुढच्या सीटला तीस वर्षांपूर्वी मिळालेले संरक्षण मागच्या, समोर तोंड असलेल्या जागांनाही मिळेल. आडव्या बाकाला मात्र हा उपाय लागू पडत नाही. त्या बाकावर मुलांना आणि वृद्धांना बसवू नये, आणि गाडीत जितके चालू पट्टे तितकीच माणसे घ्यावीत, एवढाच मार्ग उरतो.